टेकडीवरची कवायत

क्योतोतल्या त्या घराचा खालचा मजला माझा आणि वरचा हेमंतदादा आणि वैशालीवहिनींचा. स्वयंपाकघर खाली, सामाईक. जिना इतका उभा की तोंड भिंतीकडे करून उतरावं लागे. भिंती माती आणि बांबूच्या, माझं छत म्हणजे वरच्यांची जमीन, मधे फक्त पातळ फळ्या. वरच्या माणसाने कूस बदलली तरी खाली कळायचं. त्यामुळे त्या वर्षी मी आवाज ओळखायला शिकलो. बशी फुटते तेव्हा एकदाच आवाज येतो, कोरडा. वाडगा फुटतो तो भिंतीवरच, कारण खाली गवताच्या जाड चटया असतात आणि हातातून सुटलेला वाडगा त्यांच्यावर नुसता लोळतो. म्हणजे वाडगा फुटला तर तो फेकलेला असतो. माणूस आपटल्याचा आवाज यापेक्षा जड आणि बसका. त्यानंतर बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. मग जिन्यावर वहिनींची पावलं वाजतात आणि त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून विचारतात, "भाऊजी, आमटी गरम करू का तुमची?"

मारहाण मला नवीन नव्हती. माझे वडील खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी बाजार समितीत हमाल होते. आमच्या गल्लीत संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या घरातून बाईच्या ओरडण्याचा आवाज यायचाच, आणि तो आला की माझी आई उठून रेडिओ मोठा करायची. त्यात दुष्टपणा नव्हता. पावसात खिडकी लावून घ्यावी तसं ते होतं. मास्तर शाळेत रुळाने मारायचे आणि मी त्यांचेही आभार मानतो, कारण त्याच मास्तरांनी वडिलांना घरी येऊन सांगितलं की या पोराला पोतं उचलायला लावू नका. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. पुढे भाताच्या रोपांवरच्या रोगांचा अभ्यास करायला मी जपानला आलो, तेव्हा वडिलांनी मला विमानतळापर्यंत सोडलं आणि माझी बॅग शेवटपर्यंत स्वतःच्या डोक्यावर ठेवली. ढकलगाडी रिकामी त्यांच्या शेजारून मी ढकलत होतो.

हेमंतदादा त्याच गावचे. गावातून जपानला गेलेले पहिले. शाळेच्या पटांगणात त्यांचा सत्कार झाला होता तेव्हा मी स्टेजखाली सतरंजीवर बसलो होतो. ते टोकियोत एका कंपनीत कॉम्प्युटरच्या कामावर होते. मी आलो तेव्हा ते मला विमानतळावर घ्यायला आले, स्वतःचा स्वेटर माझ्या अंगावर घातला, तिकीट मशीनमध्ये कसं घालायचं आणि वाकताना मान किती खाली न्यायची तेही शिकवलं. जपानात घर भाड्याने घ्यायचं तर जामीन राहणारा माणूस लागतो. परक्या विद्यार्थ्याला कोण जामीन राहणार? एजंटच्या ऑफिसात मी मान खाली घालून बसलो होतो. दादा एका सुट्टीच्या दिवशी टोकियोहून आपला शिक्का घेऊन आले, कागदावर तो दाबला आणि मला म्हणाले, "योगेश, आता तू पळालास तर मला पकडतील. तेव्हा पळू नकोस, अभ्यास कर." आम्ही दोघंही हसलो. मला त्या दिवशी बाहेर येऊन रडू आलं होतं. हे सगळं मी आधी सांगतो आहे कारण ते खरं आहे, आणि पुढचंही खरं आहे.

तो मोठा भूकंप झाला तेव्हा दादा आणि वहिनी टोकियोजवळच्या उरायासुला राहत होते. क्योतोत आमच्या प्रयोगशाळेतले दिवे नुसते झुलले. तिकडे त्यांच्या इमारतीसमोरच्या रस्त्यातून पाणी आणि काळा चिखल उसळला, फुटपाथ दुभंगला, नळ बंद पडले. काही आठवड्यांनी दादांच्या कंपनीने काही माणसं ओसाकाच्या ऑफिसात हलवली, आणि माझ्या घराचा वरचा मजला रिकामाच होता. मीच फोन करून म्हणालो, इकडे या. मला फार आनंद झाला होता. वहिनींना मी तोवर फक्त लग्नात पाहिलं होतं. त्या धरणगावकडच्या, बीएस्सी झालेल्या, बोलायला तिखट. आल्या आल्या त्यांनी गॅसखालच्या मासे भाजायच्या कप्प्यात जपानी वांगी भाजली आणि भरीत केलं. ओल्या मिरच्या इथे नावापुरत्याच तिखट, म्हणून त्या चिडून म्हणाल्या, "या मिरच्या आहेत की काकड्या?" दादा हसले. पहिला वाडगा त्याच आठवड्यात फुटला. दादांच्या मोबाईलवर भूकंपाच्या धक्क्याची सूचना किंचाळली होती, एवढंच निमित्त. मी मनाशी म्हटलं, माणूस घाबरलेला आहे. गावातले लोक आजही असंच म्हणतात, की भूकंपाने हेमंतचं डोकं बिघडलं. मी एकदा वहिनींनाही तसं म्हणालो होतो. त्या कणीक मळत होत्या, हात न थांबवता म्हणाल्या, "भूकंप मार्चमधे झाला, भाऊजी. माझं लग्न त्याच्या आधी झालंय."

कचऱ्याचं इथे मोठं शास्त्र. आमच्या भागात घरचा कचरा ठरलेल्या पिवळ्या पिशवीत भरून सकाळी कोपऱ्यावर ठेवायचा, आणि ती पिशवी अशी की आतलं दिसतं. काच किंवा चिनीमाती फुटली असेल तर ती जाड कागदात गुंडाळायची आणि वर ठळक अक्षरात 'धोका' असं जपानीत लिहायचं, म्हणजे उचलणाऱ्याचा हात कापत नाही. वहिनींना जपानी लिहिता येत नव्हतं. त्या वर्तमानपत्रात पुडकं बांधून माझ्यासमोर ठेवत आणि मी मार्करने लिहून देई. पिवळ्या प्लास्टिकमधून ते अक्षर आख्ख्या गल्लीला वाचता यायचं. शेजारच्या मोरिता-सान, सत्तरी पार केलेल्या विधवा, कावळ्यांनी पिशव्या फाडू नयेत म्हणून कोपऱ्यावर घातलेलं जाळं नीट करायचं काम त्यांच्याकडे होतं. त्या कधी काही बोलल्या नाहीत. एका सकाळी मात्र आमच्या दारात लाकडी वाडग्यांचा एक संच ठेवलेला मिळाला, फडक्यात बांधलेला. वापरलेला, पण लख्ख. वहिनींनी एक वाडगा हातात घेऊन बोटाने वाजवून पाहिला. "हा फुटत नाही," त्या म्हणाल्या, आणि जिन्यावर बसून पदर तोंडात धरून हसल्या की रडल्या ते मला सांगता येणार नाही.

मी दादांशी बोललो होतो. ते संध्याकाळी ओसाकाहून दमून येत. एकदा मी त्यांना चहा दिला आणि म्हणालो, "दादा, वहिनींवर हात नका उचलू."

त्यांनी बशीत चहा ओतला. "कोणी सांगितलं? तिने?"

"ऐकू येतं, दादा."

"मग कानात बोळे घाल." पुढे हसून म्हणाले, "लग्न कर आधी. मग मला शिकव. तुझे वडील कधी बोलले नाहीत का तुझ्या आईला?"

"वडिलांनी आईला कधी मारलं नाही."

"हो, पोती उचलून हातात जोर राहत नसेल," असं म्हणून त्यांनी चहा संपवला. मी उठून बाहेर गेलो. त्या रात्री वर पुन्हा आवाज झाला, आणि मला कळलं की माझ्या बोलण्याची किंमत वहिनींना द्यावी लागते. म्हणून मी पुन्हा त्यांच्याशी बोललो नाही. दुसरं काही करता येईल का ते बघू लागलो.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक टेकडी होती. शहराच्या मधोमध, घरांनी चारी बाजूंनी वेढलेली, आणि माथ्यावर बाग. बाग म्हणजे फुलांचे ताटवे नाहीत. झाडी, पायऱ्या, वाटा आणि वर एक सपाट मोकळी जागा, तिच्या मधोमध कुठल्यातरी जुन्या स्तंभाचा राहिलेला काँक्रीटचा चौथरा. खाली टोफूचं दुकान, तिथून पायऱ्या सुरू. मी पहिल्यांदा एकटा वर गेलो तेव्हा हातात गोड पुरणाचा पाव होता. माथ्यावर पोचून मी तो तोंडाजवळ नेला आणि मागून कुणीतरी कानशिलात मारली. मी भेलकांडलो. पाव गेला होता, अंगठ्यातून रक्त येत होतं आणि समोर एक घार पाव नखात धरून खाली झेपावत चालली होती. मागून येतात त्या, आवाज न करता. बाकावर बसलेला एक म्हातारा म्हणाला, "भिंतीला पाठ लावून खायचं असतं." तेच ओकुदा-सान, निवृत्त बसचालक. टेकडीवर रोज सकाळी रेडिओवरच्या व्यायामाचा कार्यक्रम लावून म्हाताऱ्यांची कवायत घेणारे.

वहिनींना वर प्रथम नेलं ते मोरिता-साननी. एका सकाळी त्यांनी दारात येऊन नुसता हाताने वर निर्देश केला आणि स्वतःचे हात वर-खाली करून दाखवले. दादांनी परवानगी दिली. "जा, म्हाताऱ्यांच्या पीटीला जा. गुडघे दुखले की माझ्याकडे रडू नकोस." वहिनी सलवार-कमीज आणि बूट घालून गेल्या. मीही जाऊ लागलो. साडेसहाला पियानो वाजे, रेडिओतला माणूस उत्साहाने आकडे मोजी, आणि वीस-पंचवीस पांढरी डोकी एका वेळी वाकत आणि उठत. हात उंच नेताना वहिनींची बाही खाली सरके आणि दंडावरचे डाग दिसत, निळे, हिरवे, पिवळे पडलेले. पहिल्या दिवशी ओळीत कुणीतरी क्षणभर थांबलं असावं, पण रेडिओ थांबत नाही, त्यामुळे सगळे पुढे वाकले.

रविवारी दादा उशिरापर्यंत झोपत. मग कवायत झाल्यावर वहिनी आणि मी टेकडी पालथी घालायचो. उत्तरेकडची वाट मोठ्या वादळाने मोडली होती. देवदार मुळासकट उपटून आडवे झालेले, मुळांच्या खड्ड्यात पाणी, त्या पाण्यात फुटकी कौलं. पश्चिमेला लाल लाळेरी बांधलेले दगडी देव रांगेने बसलेले. एकाचं डोकं तुटून पडलं होतं आणि कुणीतरी तिथे गोल धोंडा ठेवून काम भागवलं होतं. माथ्याच्या कडेला माहितीची पाटी होती. मी वाचून दाखवलं: इथे कोणे एके काळी सैन्यं लढली, किल्ला जाळला गेला, त्याही आधी इथे प्रेतं दहन करत. वहिनींनी खाली पसरलेलं शहर बघितलं, चौकटीच्या रस्त्यांचं, शांत, काळ्या कौलांचं. "आणि आता इथे पियानो वाजतो," त्या म्हणाल्या. थोडं पुढे रानडुकराची सूचना होती. ती मी भाषांतर करून सांगितली: प्राणी दिसल्यास ओरडू नये, पळू नये, पाठ न दाखवता हळूहळू मागे सरकावं.

"हे मला येतं," वहिनी म्हणाल्या.

मी पाटीकडेच बघत राहिलो.

"हसा की भाऊजी. विनोद केला मी."

खालच्या टोफूवाल्याकडे सोयाबीन दळून दूध काढल्यावर चोथा उरतो. तो ओला, पांढरा, आणि रोज ढीगभर. वहिनींनी एकदा मागून आणला, त्यात तिखट, ओवा, कांदा आणि थोडी कणीक घालून थालीपीठं थापली. टोफूवाल्याच्या बायकोला दिली. ती दुसऱ्या दिवशी आणखी चोथा घेऊन दारात. मग वहिनी तिला शिकवायला गेल्या, मग दुकानात हाताखाली थांबू लागल्या, आणि उन्हाळा संपताना त्या तिथे सकाळी नऊ ते बारा कामाला लागल्या. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला काम करायला वेगळी परवानगी लागते. ती काढायला मी बरोबर गेलो होतो. दादांना हे माहीत नव्हतं. वहिनींचा राहण्याचा हक्क दादांच्या नावावर, माझी खोली दादांच्या शिक्क्यावर. एकदा परतताना वहिनी म्हणाल्या होत्या, "यांना कळलं तर मला गावी पाठवतील. गावी गेले तर परत इथेच पाठवतील, यांच्याकडे. मला दोन्हीकडे जायचं नाही. मला दुकानातल्या त्या मोठ्या कढईसमोर उभं राहायचंय." मला तेव्हा ते वाक्य फार लहान वाटलं होतं. आता माझ्या हाताखाली मुली संशोधन करतात, त्यांच्या तोंडची मोठी स्वप्नं ऐकताना ते आठवतं आणि ते लहान नव्हतं हे कळतं.

बातमी फोडली ती कुणी चहाडखोराने नाही. ऑक्टोबरातल्या त्या सकाळी दादांची ओसाकात काहीतरी मोठी बैठक होती म्हणून ते नेहमीपेक्षा लवकर निघाले. टोफूवाले दुकानासमोर पाणी मारत होते. इथली रीत अशी की कामावरच्या माणसाच्या घरचं कुणी भेटलं की थांबून, कमरेत वाकून आभार मानायचे. टोफूवाल्यांनी बादली खाली ठेवली आणि रीतसर आभार मानले: आपल्या पत्नींची आम्हाला रोज फार मदत होते. दादाही रीत पाळणारे. तेही वाकले, म्हणाले, तिला सांभाळून घेता, आभारी आहे. टोफूवाल्यांनी हे मला नंतर सांगितलं, रडत. त्यांना वाटत होतं की त्यांनी काहीतरी चुकीचं केलं. दादा सरळ झाले, स्टेशनच्या बाजूला न वळता टेकडीच्या पायऱ्या चढू लागले. काळा सूट, टाय, ऑफिसचे बूट, हातात लॅपटॉपची बॅग.

वर आमचे हात डोक्यावर होते. मी मागच्या ओळीत, वहिनी पुढे चौथऱ्याजवळ, मोरिता-सानच्या शेजारी. दादा झाडांतून बाहेर आले ते मी पाहिलं आणि मला वाटलं घरी काहीतरी झालंय, आग वगैरे. ते ओळींच्या मधून चालत गेले. कुणी कुणी त्यांना बघून चालूच हाताने किंचित मान झुकवली. त्यांनी वहिनींची वेणी मनगटाभोवती गुंडाळली आणि दुसऱ्या हातातली बॅग त्यांच्या तोंडावर मारली. लॅपटॉप आतून कडकन मोडला. वहिनी ओरडल्या नाहीत. त्यांनी वेणी वाचवायला हात मागे नेले आणि त्याच क्षणी दादांनी त्यांना पुढे ढकललं. कपाळ चौथऱ्याच्या कडेवर आदळलं. रक्त लगेच आलं, भुवईवरून डोळ्यात, डोळ्यातून हनुवटीवर. रेडिओ म्हणत होता, आता पाठ ताणा, मोठा श्वास घ्या.

"लोकांच्या कढया घासतेस? माझ्या नावावर येऊन लोकांच्या कढया घासतेस?" दादा लाथेला पाय उचलत होते.

मी धावलो. पोतं उचलताना माझे वडील जसे खालून कवेत घेत, तसं मी दादांना मागून कमरेत धरलं आणि उचलून फेकलं. आम्ही दोघंही पडलो. त्यांचं कोपर माझ्या नाकावर बसलं आणि नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मला कानातून ऐकू आला. ते माझ्या छातीवर बसून बुक्क्या मारत होते आणि प्रत्येक बुक्कीला बोलत होते. "हमालाच्या पोरा! तुला इथे आणलं कोणी? माझा स्वेटर घालून फिरलास! परवानगी काढून दिलीस? तू?" मी खालून वळलो. आता ते खाली होते. मग मी मारलं. त्यांचा टाय मुठीत धरून दुसऱ्या हाताने मारत राहिलो, तोंडावर, कानावर, जिथे पडेल तिथे. एक दात माझ्या बोटांत रुतला. मला हे लिहायला संकोच वाटतो, पण मारताना हात हलका वाटत होता, खूप दिवसांचं ओझं खाली ठेवल्यावर वाटतो तसा. मी थांबलो नसतो.

मग रेडिओ बंद झाला. ओकुदा-साननी तो बंद केला होता. कार्यक्रम मधेच बंद झालेला त्या जागेने कधी ऐकला नव्हता, आणि ती शांतता इतकी चमत्कारिक होती की माझी मूठ वरच राहिली. मी मान वळवली. सगळे म्हातारे-म्हाताऱ्या वहिनींभोवती उभे होते, पाठ त्यांच्याकडे आणि तोंडं आमच्याकडे करून, कवायतीचे पांढरे हातमोजे घातलेले हात खाली सोडून. कुणी ओरडत नव्हतं. मधे मोरिता-सान जमिनीवर बसून गळ्यातला टॉवेल वहिनींच्या कपाळावर दाबून धरत होत्या. दादा उठले. त्या वर्तुळाकडे दोन पावलं गेले. समोर काठी टेकून एक वाकलेली आजी उभी होती, त्यांच्या छातीएवढी. ती हलली नाही. दादा थांबले.

कुणीतरी फोन केला असावा; पोलीस चढून आले, दोघे, धापा टाकत. तोवर दादांनी कोट झटकला होता, टाय सारखा केला होता, ओठांवरचं रक्त रुमालाने टिपलं होतं. ते त्यांनीच मला शिकवलं होतं त्या कोनात वाकले आणि उत्तम ऑफिसी जपानीत म्हणाले की घरातली किरकोळ गोष्ट आहे, पत्नीचा पाय घसरला, सर्वांना सकाळी सकाळी त्रास झाला याचं वाईट वाटतं. तरुण पोलिसाने उत्तरादाखल मान झुकवलीसुद्धा. वयस्कर होता तो वहिनींसमोर गुडघ्यावर बसला आणि काय झालं म्हणून विचारलं. वहिनींना जपानीत फक्त टोफू, गरम, थंड आणि धन्यवाद येत होतं.

"मी सांगतो. मी नवरा आहे तिचा," दादा म्हणाले.

"आपण नको," तो म्हणाला, आणि माझ्याकडे वळला. "आपल्याला दोन्ही भाषा येतात?"

मी हो म्हणालो. माझ्या तोंडात रक्त होतं.

दादा मराठीत, अगदी हळू, समजावल्यासारखं बोलले. "योगेश, जे झालं ते झालं. पाय घसरला म्हण. तिला काय कळतंय? मी रागात होतो. घरी जाऊन बोलू."

"ते आत्ता काय म्हणाले?" पोलिसाने विचारलं.

मी सांगितलं. शब्दाला शब्द.

दादांचा चेहरा पांढरा पडला. "खोलीवर शिक्का कुणाचा आहे रे तुझ्या?"

"आणि आता?"

"माझ्या खोलीला जामीन ते आहेत, असं म्हणतात."

"खरं आहे?"

"खरं आहे," मी म्हणालो. "त्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत." हे मी मनापासून म्हणालो. त्याच्यापुढे 'पण' लावावा असं मला वाटलं होतं, आणि कसा लावायचा ते सुचलं नाही.

पोलिसाने ते ऐकून घेतलं, जणू तीही एक जखम आहे आणि नोंद घ्यायला हवी. मग म्हणाला, "बरं. आता बाईंना विचारा. त्या पडल्या का?"

मी वहिनींसमोर बसलो. टॉवेलखालून त्यांचा एकच डोळा दिसत होता. "वहिनी, ते विचारताहेत, तुम्ही पडलात का?"

त्यांनी दादांकडे बघितलं नाही. "त्यांना सांगा," त्या म्हणाल्या, "मी आजपर्यंत कधीच पडले नाही. एकदाही नाही. दवाखान्यात सांगितलं तेव्हाही नाही, आईला फोनवर सांगितलं तेव्हाही नाही. हे सगळं सांगा."

मी सगळं सांगितलं. माझं जपानी प्रयोगशाळेचं. तापमान, बुरशी, पान सुकणं. मारहाणीचे शब्द मला येत नव्हते, म्हणून मी लहान मुलांसारखी साधी क्रियापदं वापरली. मारतो. फेकतो. ओढतो. ती ऐकताना मागे कुणीतरी म्हातारा रडू लागला.

दादांनी माझा जामीन काढून घेतला नाही. हे मला अजूनही उलगडलेलं नाही. ते पुढे टोकियोला परत गेले, वहिनींपासून वेगळे झाले, पण एजंटकडच्या कागदावर त्यांचा शिक्का मी ती खोली सोडेपर्यंत तसाच होता. मी त्यांना आभाराचं काही कळवलं नाही आणि त्यांनीही काही विचारलं नाही. गावी शाळेच्या कार्यक्रमाला मला बोलावतात तेव्हा कुणीतरी त्यांचं नाव घेतं, आणि मी खाली बघतो.

दवाखान्यात वहिनींच्या कपाळाला टाके घातले, माझ्या नाकात कापूस कोंबला, आणि आम्हाला पोलीस ठाण्यात एका छोट्या खोलीत बसवलं. मोरिता-सान कवायतीचे हातमोजे न काढता शेजारी बसल्या होत्या. एक महिला अधिकारी आली, तरुण, हळू बोलणारी. तिने समजावून सांगितलं की आता त्या घरी जायची सक्ती नाही, अशा स्त्रियांसाठी जागा असते, मोरिता-सानही ठेवून घ्यायला तयार आहेत, व्हिसाचं पुढे बघता येईल. सगळं मी मराठीत सांगत गेलो. शेवटी तिने पेन खाली ठेवलं आणि वहिनींच्या तोंडाकडे बघून विचारलं, "आत्ता आपल्याला कुठे जायचं आहे?"

"काय विचारतेय?" वहिनी म्हणाल्या.

"आत्ता तुम्हाला कुठे जायचंय, असं विचारतेय."

वहिनींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "दुकानात. बारापर्यंत पाळी आहे माझी. अजून संपली नाही."

मी सांगितलं. अधिकारी गोंधळली. तिला वाटलं प्रश्न नीट पोचला नाही. ती मला म्हणाली, कृपया पुन्हा एकदा विचारा, घाई नाही. म्हणून मी पुन्हा विचारलं.

वहिनींनी सुजलेल्या ओठांनी हसायचा प्रयत्न केला आणि तो दुखला. "टाके मला घातलेत, भाऊजी, तुम्हाला नाही. ऐकू येतंय ना? सांगा तिला. दुकानात."

मी सांगितलं.